देवनारची मोजदाद-शाळा

गोवंडी स्टेशनाकडून देवनारच्या रस्त्याला लागले की रिक्षा आणि हातगाड्यांच्या गर्दीतच एका विद्यापीठाचे फाटक येते. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे त्याचे लांबलचक नाव; विद्यार्थी ‘आयआयपीएस’ म्हणून मोकळे होतात. देशात एका बाईमागे सरासरी किती मुले, किती बाळे पहिल्या वाढदिवसाआधी दगावतात, किती मुलींची अठराच्या आत लग्ने उरकली जातात, असे जे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्यांतले पुष्कळसे इथे आकाराला येतात. मुंबईकरांनाही ही संस्था फारशी ठाऊक नसावी, याची खंत वाटते.

सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांनी मिळून 1956 साली ही संस्था सुरू केली. आशिया-पॅसिफिकमधल्या देशांना लोकसंख्येचा अभ्यास करणारी माणसे तयार करून देणे, हे तिचे काम. 1985 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सी. चंद्रशेखरन यांनी तिचे संचालकपद सांभाळले. त्यांनी आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी 1949 मध्ये मांडलेली पद्धत जगभर शिकवली जाते. जन्म-मृत्यूंच्या दोन स्वतंत्र याद्या घ्यायच्या, एक सरकारी नोंदीची आणि दुसरी घरोघर फिरून केलेली. दोन्हींत सापडलेली नावे आणि एकीतच सापडलेली नावे वेगळी काढली की दोन्हींतून निसटलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. कोणाच्याच वहीत न आलेल्या माणसाचीही दखल घेणारे हे गणित आहे.

इथे शिकायला येणाऱ्याला आधी वय विचारायला शिकावे लागते. हे सोपे वाटते, पण तसे नाही. आपल्याकडे वयस्क माणसे वय सांगताना चाळीस, पंचेचाळीस, पन्नास अशा आकड्यांवर थांबतात. मग वयांच्या आलेखात शून्य आणि पाचने संपणाऱ्या वयांवर सुळके उभे राहतात. ते किती मोठे आहेत, हे मोजायलाही निर्देशांक आहे. प्रत्यक्ष घरोघर फिरताना मात्र निर्देशांक कामाला येत नाही. तिथे गावाची आठवण लागते. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरली जन्मली होती का? कोणत्या वयात किती माणसे दगावतात हे मांडणारी लाइफ टेबलसारखी देखणी सारणी अखेर अशाच उत्तरांवर उभी असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे संस्थेचे सर्वांत मोठे काम. त्याची पहिली फेरी 1992-93 मध्ये झाली, तर पाचवी 2019-21 मध्ये, मधल्या कोविडच्या टाळेबंदीसह. या पाचव्या फेरीत 707 जिल्ह्यांतली 6,36,699 घरे गाठली गेली आणि 7,24,115 स्त्रियांशी बोलणे झाले. एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, पहिल्या फेरीत 3.4 होता, तो 2.0 वर आला. पहिल्या वर्षात दगावणारी बाळे हजारी 79 वरून 35 वर आली.

या सर्वेक्षणातला एक नियम आवर्जून सांगायला हवा. घरातल्या मारहाणीबद्दलचे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात, आणि तेही तिला एकांत मिळत असेल तरच. सासू दारात उभी असेल, नवरा आत-बाहेर करत असेल, तर तो भाग सोडून द्यायचा. आकडा अपुरा राहिला तरी चालेल, पण त्यापायी बाईच्या जिवाला घोर लागता कामा नये. शास्त्राने स्वतःला घालून घेतलेली ही मर्यादा कुठल्याही सूत्रापेक्षा मोलाची आहे.

मोजणीवर वादही होतात. पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांतला रक्तक्षय 53 वरून 57 टक्क्यांवर गेलेला दिसला. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात हिमोग्लोबिन नीट कळते का, की शिरेतूनच रक्त घ्यावे, यावर तज्ज्ञांत जुंपली. असा वाद आवश्यकच आहे. मात्र पद्धतीवरच्या शंकेचा आडोसा करून बायकांच्या ताटात काय पडते, हा प्रश्न टाळता येणार नाही.

महाराष्ट्राचे आकडे तर झोप उडवणारे आहेत. जननदर 1.7 पर्यंत उतरला, म्हणजे कुटुंबे लहान झाली. पण पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने उंची खुंटलेल्यांचे प्रमाण 34.4 टक्के होते, ते 35.2 झाले. विशीच्या पहिल्या पाच वर्षांतल्या दर शंभर स्त्रियांपैकी जवळपास बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. घरात मुले कमी झाली की ती आपोआप धडधाकट होतील, हा भाबडा समज इथेच कोलमडतो. हे पाहायला संस्थेला लांब जायलाही नको. तिच्या भोवतीचा एम-पूर्व वॉर्ड मुंबईच्या 2009 च्या मानव विकास अहवालात शहरात सर्वांत तळाला होता.

पाचव्या फेरीत प्रत्येक जिल्ह्याची वेगळी माहितीपत्रिका निघाली आणि ती कोणालाही पाहता येते. ग्रामसभेला जाणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी, आपल्या जिल्ह्याची पत्रिका एकदा वाचावी आणि बालकांच्या पोषणाची ओळ समोर ठेवून पुढच्या बैठकीत प्रश्न विचारावा.