सरकारी निधी, दिशाभूल करणारा सल्ला

अनपेक्षित गर्भधारणा झालेल्या स्त्रियांना मोफत सल्ला देणारी अनेक केंद्रे अमेरिकेत आहेत. ती दवाखान्यांसारखी भासली, तरी बहुतांश केंद्रे गर्भपातविरोधी संस्था चालवतात. त्यांपैकी काहींना सरकारी निधीही मिळतो.

काँग्रेस सदस्य हेन्री वॅक्समन यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये अशा निधीप्राप्त केंद्रांची पडताळणी झाली. तपासनीस स्त्रियांनी गर्भवती असल्याचे सांगून दूरध्वनी केले. संपर्क झालेल्या २३ केंद्रांपैकी २० केंद्रांनी चुकीची वा दिशाभूल करणारी माहिती दिली. गर्भपातामुळे स्तनाचा कर्करोग, वंध्यत्व आणि गंभीर मानसिक विकार उद्भवतात, अशी भीती घालण्यात आली.

वास्तविक, गर्भपात व स्तनाचा कर्करोग यांचा संबंध नसल्याचा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी २००३ मध्येच काढला होता. काही जुन्या अभ्यासांत संबंध दिसला, कारण रुग्ण स्त्रिया पूर्वीचा गर्भपात मोकळेपणाने सांगत. निरोगी स्त्रिया तो अनेकदा लपवत.

खोट्या भीतीची खरी किंमत म्हणजे वाया गेलेला वेळ. आपल्याकडेही २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरेसे असते. त्यापुढे अटी कडक होतात. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते आणि गोपनीयता राखणे बंधनकारक आहे. म्हणूनच सल्ला देणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे का, हे आधी विचारावे.