एसी पंप आणि सुताचे माप : जुन्या जीपच्या इंधनपंपाची बदली

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या विलीज जीपचा इंधनपंप बदलणे हे काम वरवर पाहता किरकोळ वाटते. दोन नळ्या सोडवावयाच्या, दोन बोल्ट काढावयाचे, जुना पंप उतरवून नवा चढवावयाचा, एवढाच त्याचा पसारा. तथापि नव्याने बसविलेला पंप पाझरू लागतो तेव्हा दोष पुष्कळदा पंपात नसून त्याच्या जोडणीत असतो. आणि जोडणी का चुकली याचा शोध घेऊ गेल्यास तो शोध यंत्राकडून शब्दांकडे वळतो. ज्या नावांनी हे सुटे भाग मागितले व दिले जातात, त्यांपैकी काही नावे एकाहून अधिक वस्तूंना लागू पडतात. या जीपमध्ये पंप आणि तापलेली धूरनळी इंजिनाच्या एकाच अंगाला असल्यामुळे येथील संदिग्धता केवळ कोशकाराच्या चिंतेचा विषय राहत नाही.

प्रथम पंपाचेच नाव घ्यावे. गॅरेजात त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. अल्बर्ट चॅम्पियन या फ्रान्सहून अमेरिकेत गेलेल्या उद्योजकाच्या नावाची ही आद्याक्षरे. त्याने १९०८ साली फ्लिंट या गावी कारखाना काढला आणि १९२२ पासून तो ‘एसी स्पार्क प्लग कंपनी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या छापाचे पंप येथे आले, आणि पुढे त्या जातीचा कोणताही यांत्रिक पंप, मग तो कोणीही बनविलेला असो, ‘एसी पंप’ ठरला. अर्थविस्ताराचे हे सरळ उदाहरण होय. मात्र आज ‘एसी’ म्हटल्याबरोबर वातानुकूलनच मनात येते. त्यामुळे उघड्या टपाच्या गाडीचा ‘एसी पंप’ बिघडल्याचे ऐकून नवखा ग्राहक बुचकळ्यात पडला तर त्यात नवल नाही.

या पंपाची रचना साधी पण मार्मिक आहे. कॅमशाफ्टवरील एक विकेंद्र चक्र पंपाचा दांडा रेटते. दांडा आतील लवचीक पडदा, म्हणजे डायफ्रॅम, स्प्रिंगच्या विरोधात खाली ओढतो व टाकीतून पेट्रोल शोषले जाते. पुढे कार्बुरेटरकडे पेट्रोल ढकलण्याचे काम मात्र इंजिन करीत नाही; ते ती दबलेली स्प्रिंग करते. कार्बुरेटर भरला की त्याची सुई वाट बंद करते, पडदा खालीच थांबतो आणि दांडा नुसता हलत राहतो. म्हणून या पंपाचा दाब स्प्रिंगच्या जोराने ठरतो, आणि तो चौरस इंचास साधारणतः ३ ते ५ पौंड एवढाच असतो. इंधन अंतःक्षेपणाच्या नव्या गाड्यांत तो याच्या दसपट किंवा त्याहून अधिक असू शकतो. ‘जोरदार’ विजेचा पंप जुन्या जीपला जोडणे यासाठीच अनिष्ट. कार्बुरेटरची सुई त्या दाबापुढे टिकत नाही आणि पेट्रोल बाहेर सांडते.

पडदा फाटला की पेट्रोल दोन वाटांनी जाते. पंपाच्या अंगाला असलेल्या लहान छिद्रातून ते ठिबकते, किंवा खाली इंजिनाच्या तेलात उतरते. दुसरा प्रकार अधिक घातक. तेल पातळ होते, त्याची पातळी मात्र वाढलेली दिसते, आणि बेअरिंगे झिजू लागतात. म्हणून तेलाला पेट्रोलचा वास येत असल्यास पंपाबरोबर तेलही बदलणे आवश्यक आहे.

आता जोडणीकडे यावे. सुतार, लोहार आणि फिटर यांच्या बोलीत ‘सूत’ म्हणजे इंचाचा आठवा भाग. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापे स्वीकारली, तरी कारागिरांच्या तोंडून सूत गेले नाही. जीपच्या पंपावरील पितळी जोडाचे एक टोक ‘एक सुताचे’ आणि दुसरे ‘अडीच सुताचे’ म्हणून मागितले जाते. एकाच वस्तूच्या दोन टोकांची ही मापे असली, तरी ती एका प्रकारे मोजलेली नाहीत. अडीच सूत हा नळीचा बाहेरचा व्यास आहे व तो पट्टीने खरोखरच मोजता येतो. एक सूत हे पाइपच्या आट्यांचे नाव आहे. मूळ पाइपच्या पोकळीवरून ते पडले. त्या टोकाचा बाहेरचा व्यास मोजल्यास तो ३ सुतांहून अधिक भरतो! नावावर विसंबून माप घेणारा येथे हटकून फसतो.

याहून मोठा घोटाळा पुढेच आहे. एक सुताचे पाइपचे आटे दोन प्रकारचे असतात. अमेरिकी प्रकारात इंचास २७ आटे व आट्याचा कोन ६० अंश. ब्रिटिश प्रकारात इंचास २८ आटे व कोन ५५ अंश. जीपचे कुळ अमेरिकी, तर येथील नळकामाच्या दुकानात सर्वत्र ब्रिटिश आटे. ब्रिटिश टोक किंचित बारीक असल्याने ते पंपाच्या अमेरिकी भोकात सहज शिरते, काही फेरे बसते, पुढे आवळतेही; हाताला जोड पक्का वाटतो, परंतु आट्यांमध्ये फट राहिलेली असते. याउलट अमेरिकी टोक ब्रिटिश भोकात अडते, आणि जबरदस्ती केल्यास पंपाचे ओतीव अंग तडकते. मिस्त्रीच्या तोंडी दोन्ही ‘एक सूत’च. पर्यायी पंपाच्या डब्यावर आट्यांचा प्रकार छापलेला असतोच असे नाही. म्हणून आटे मोजण्याची पाती जवळ बाळगावी, किंवा जुना जोड सोबत नेऊन तो नव्या पंपात हाताने फिरवून पाहावा.

प्रत्यक्ष कामात क्रमाला महत्त्व आहे. इंजिन थंड असावे आणि बॅटरीची तार काढलेली असावी. टाकी चालकाच्या आसनाखाली आहे. ती भरलेली असल्यास नळी सुटताच पेट्रोल वाहू लागते, तेव्हा बूच हाताशी हवे. नळीची चाकी सोडविताना दोन पाने लागतात, एकाने जोड धरावयाचा व दुसऱ्याने चाकी फिरवावयाची. नाहीतर जुनी नळी पिळून मोडते. नव्या पंपात पितळी जोड बाहेर टेबलावरच आवळून घ्यावे. निमुळत्या आट्यांना पेट्रोल सहन करणारा लेप चालतो, परंतु नळीच्या पसरट तोंडाशी काहीही लावू नये, कारण तेथे धातूच धातूवर बसून पाझर रोखतो. पंपाखालच्या पॅकिंगची जाडी मूळ जाडीइतकीच ठेवावी. ‘सुरक्षिततेसाठी’ दोन पॅकिंगे घातल्यास दांडा चक्रापासून दूर जातो, त्याचा पल्ला घटतो व चढावर गाडी पेट्रोलावाचून अडखळते. बोल्ट भरताना पंप उलट रेटत असेल तर इंजिन थोडे फिरवून चक्राचा उंचवटा दांड्यापासून दूर न्यावा. चाक्यांचे पहिले फेरे बोटांनीच द्यावे.

एका शब्दाचा अर्थ मात्र अलीकडे न कळत बदलला आहे, तो म्हणजे ‘पेट्रोल’. भारतात २०२५ पर्यंत त्यातील इथेनॉलचे मिश्रण २० टक्क्यांपर्यंत गेले. जुन्या पंपातील वार्निश दिलेल्या कापडाचा पडदा, बुचाच्या लाकडाचे पॅकिंग, त्यांवरील लाखेचा लेप आणि साधी रबरी नळी या द्रवासाठी बनविलेली नव्हती. इथेनॉल लाख विरघळविते, जुने रबर फुगविते आणि हवेतील पाणी ओढून घेऊन पंपाच्या मिश्रधातूला गंज चढविते. तेव्हा कपाटात वर्षानुवर्षे जपलेला ‘अस्सल’ पंप नव्या पडद्यावाचून बसविण्यात अर्थ नाही, आणि ‘पेट्रोलची नळी’ एवढेच मागून भागत नाही; इथेनॉल सहन करणारी नळी असे स्पष्ट सांगावे लागते.

काम झाल्यावर इंजिन काही मिनिटे चालवून प्रत्येक जोड तपासावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, त्याच जोडांवरून कोरडे बोट फिरवून त्याचा वास घ्यावा.