म्हातारपणी मन ताजे ठेवा

साठी बुद्धी नाठी, असे लोक म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा निघाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून अक्षरे गिरवायला बसल्या.

नवे काम मिळाले की मेंदू जागा राहतो. बाजाराचा हिशेब तोंडी करा, नातवंडांकडून एखादा नवा खेळ शिका. रोज थोडे चाला.

कानांकडे मात्र कुणी बघतच नाही! ऐकू येईनासे झाले की म्हातारा माणूस चारचौघांत बोलेनासा होतो. घरचे म्हणतात, "बाबा भ्रमिष्ट झाले." अहो, आधी बाबांचे कान तपासून घ्या. पण ओळखीची वाट चुकू लागली, तर ते नुसते वय नव्हे. त्यांना दवाखान्यात न्या.