अवघड तासांचं देणं

नर्न्स्टचं समीकरण पहिल्याच खेपेला समजलं, असा बी.एस्सी.चा विद्यार्थी उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात मला तरी भेटलेला नाही. विद्युतघटाचं व्होल्टेज तापमानाबरोबर आणि द्रावणाच्या संहतीबरोबर कसं बदलतं, एवढंच ते सांगतं. पण लॉगची चिन्हं उलटी पडतात, एकक चुकतं आणि पानभर गणित वाया जातं. त्यात आमच्यातले कितीतरी जण मराठी शाळांतून आलेले. उल्हासनगर स्टेशनसमोरच्या चांदीबाई कॉलेजात काय किंवा इतरत्र काय, पहिल्या वर्षी आधी इंग्रजी समजून घ्यायचं, मग रसायनशास्त्र. शेजारच्या बाकावरचा सिंधी मित्रही त्याच फेऱ्यात. बुरेटमधला एक थेंब जास्त पडला की रीडिंग गेलं, आणि वायवात सरांनी ‘का?’ विचारलं की पाठांतर संपलं.

हा ‘का?’ फार मोलाचा होता, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळेच आजूबाजूचा परिसर वाचता येऊ लागला. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून धागा निघतो, तो क्रॉस आणि बेव्हन यांनी 1892 मध्ये शोधलेल्या व्हिस्कोस पद्धतीने: कॉस्टिक सोडा, कार्बन डायसल्फाइड, शेवटी सल्फ्युरिक आम्लाचं कुंड. अंबरनाथच्या विम्को कारखान्यातली आगपेटीची काडी पेटायची ती पेटीच्या कडेवरचा लाल फॉस्फरस आणि गुलातलं पोटॅशियम क्लोरेट एकमेकांना घासल्यावर.

आणि नर्न्स्ट? तोही अंबरनाथलाच आहे. डीआरडीओच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचा इंधनघट विकसित केला. डिझेल-विद्युत पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठी हवा लागते, म्हणून वारंवार पृष्ठभागाजवळ यावं लागतं आणि तिथेच ती शत्रूला सापडते. इंधनघट हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाण्याखालीच वीज देतो. मूळ कल्पना विल्यम ग्रोव्हची, 1839 ची. या यंत्रणेच्या जमिनीवरील नमुन्याची चाचणी 8 मार्च 2021 रोजी यशस्वी झाली. ज्या समीकरणाने आमच्या वह्या लाल केल्या, तेच तिथल्या घटाचं व्होल्टेज ठरवतं.

म्हणून मला वाटतं, शास्त्रज्ञाचं मोठेपण त्याच्या फोटोला हार घालून कळत नाही. थोडं तरी गणित स्वतः सोडवावं लागतं. जयंत नारळीकरांच्या कथा आम्ही लोकलमध्ये वाचल्या. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपलं नाव पाहून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारा माणूस मराठीत इतकं सोपं लिहायचा, यामागचे कष्ट सापेक्षतेचं एक प्रकरण वाचल्यावर जाणवले.

पण सर्वांत जास्त मान मी कमला सोहोनींना देतो. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन 1933 मध्ये त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. मुलगी म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या परीक्षणकाळाच्या अटीवर घेतलं. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यात सायटोक्रोम सी दाखवलं, म्हणजे श्वसनातला हा दुवा वनस्पतींतही आहे हे सिद्ध केलं, आणि 1939 मध्ये पीएच.डी. मिळवली. परत येऊन नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं. आमच्या बायोकेमिस्ट्रीच्या तासाला सायटोक्रोमची साखळी फळ्यावर यायची, पण कमलाबाईंचं नाव कुणी घेत नसे. आता तरी प्राध्यापकांनी ती साखळी शिकवताना ते फळ्यावर लिहावं.