सी.एन.जी. किट बसवले, पण पासिंगचे काय?

टेम्पोला सी.एन.जी. किट बसवणाऱ्या व्यावसायिक बांधवांना आम्ही सांगू इच्छितो की, किट बसले म्हणजे काम संपले नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार या बदलाची नोंद आर.सी. बुकात हवीच. ती नसेल तर पासिंग अडते आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो.

किट मंजूर जातीचे घ्या, अधिकृत वर्कशॉपमध्येच बसवा. बिल व सिलिंडरचा दाखला जपा. चार पैसे वाचवण्यासाठी जुना सिलिंडर घेऊ नका. त्याची दाबचाचणी दर 3 वर्षांनी करावीच लागते. पी.यू.सी. चालू ठेवा. मालवाहू गाडीचे पासिंग 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी, पुढे दरवर्षी असते. कागद स्वतः तपासा, सारे एजंटावर सोडू नका. गाडी उभी राहिली की रोजी आपलीच बुडते.