जिवाणूंकडून मानवी फ्रॅटॅक्सिन कसं करून घेतात?

आपल्या पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, अन्नातून ऊर्जा मिळवतात. त्यांच्या अनेक प्रथिनांना लोह आणि गंधक यांच्या अणूंचे छोटे समूह बसवलेले लागतात. हे समूह जुळवण्याचा वेग फ्रॅटॅक्सिन नावाचं प्रथिन वाढवतं. ते कमी पडलं की फ्रीडराइख अटॅक्सिया होतो. त्यात तोल जातो, चालणं अवघड होतं आणि हृदयालाही इजा पोहोचते. जर्मन वैद्य निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८६३ पासून या आजाराचं वर्णन केलं. त्यामागचं जनुक १९९६ मध्ये सापडलं.

अभ्यासासाठी शुद्ध फ्रॅटॅक्सिन भरपूर लागतं आणि मानवी ऊतींतून तेवढं मिळत नाही. म्हणून माणसाचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालून प्रथिन करून घेतात. अशा प्रथिनाला पुनःसंयोजित किंवा रिकॉम्बिनंट म्हणतात.

पहिली पायरी: कोणता तुकडा घ्यायचा? पेशीत फ्रॅटॅक्सिन २१० अमिनो आम्लांचं तयार होतं. सुरुवातीचा भाग त्याला तंतुकणिकेत पोहोचवतो आणि तिथे दोन टप्प्यांत कापला जातो. उरतो तो ८१ ते २१० हा पक्व भाग, वजन सुमारे १४ किलोडाल्टन. जिवाणूकडे ही कापणी करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, नसतं. अख्खं जनुक दिलं तर प्रथिन अनेकदा तुटतं किंवा विरघळत नाही. म्हणून थेट पक्व भागाचाच आराखडा देणं सोयीचं.

दुसरी पायरी: जनुक बसवणं. हा आराखडा प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यात, बसवतात. प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा रेणूंची शेपटी जोडतात आणि मध्ये एक कापण्याची जागा ठेवतात. ही जागा विसरली तर शेपटी पुढे काढता येत नाही.

तिसरी पायरी: जिवाणू वाढवणं. रात्रभर वाढवलेले थोडे जिवाणू विरजणासारखे मोठ्या फ्लास्कमधल्या पोषक द्रवात घालतात. ३७ अंशांवर पुरेशी वाढ झाली की आयपीटीजी हे रसायन टाकतात आणि जनुक चालू होतं. घाई इथेच नडते. उष्ण तापमानात प्रथिन भराभर बनतं, पण नीट घडी न पडता त्याचे गोळे होऊ शकतात. तापमान १८ ते २० अंशांवर आणून रात्रभर थांबलं तर हा धोका कमी होतो.

चौथी पायरी: पेशी फोडणं. जिवाणू गोळा करून बर्फात ठेवून ध्वनिलहरींनी फोडतात. लहरी थांबून थांबून द्याव्यात, नाहीतर द्रव तापतो. मग तो वेगाने फिरवून वरचा द्रव घेतात. तळाचा गाळ मात्र लगेच फेकू नये. प्रथिन कमी मिळालं तर ते गाळात गेलं का, हे आपल्याला तिथेच कळतं.

पाचवी पायरी: निकेलचा स्तंभ. हिस्टिडिनची शेपटी निकेलला धरते, बाकीची बरीच प्रथिनं वाहून जातात. इमिडॅझोल या रसायनाच्या सौम्य द्रावणाने धुऊन, मग जास्त इमिडॅझोल देऊन आपलं प्रथिन सोडवतात. द्रावणात ईडीटीए हे रसायन असेल तर ते निकेलच काढून नेतं. प्रथिनांची मोडतोड थांबवणाऱ्या काही तयार मिश्रणांत ईडीटीए असतं, म्हणून लेबल आधी वाचावं.

सहावी पायरी: शेपटी कापणं. हिस्टिडिन लोहालाही धरतं. शेपटी तशीच ठेवून फ्रॅटॅक्सिन लोह धरतं का हे तपासलं, तर दिसणारं बंधन शेपटीचंही असू शकतं. म्हणून नेमक्या जागी कापणारं विकर घालून ती काढतात आणि द्रव पुन्हा निकेलवरून नेतात. आता शेपटी मागे राहते, फ्रॅटॅक्सिन पुढे जातं. उरलेली अशुद्धी आकारानुसार वेगळी करतात.

सातवी पायरी: काम करतं का? जेलवर एक स्वच्छ पट्टा दिसला म्हणजे प्रथिन बऱ्यापैकी शुद्ध आहे, एवढंच कळतं. ते कार्यक्षम आहे का, हे पाहायला त्याचे जोडीदार लागतात. एनएफएस१ हे विकर सिस्टीनमधून गंधक काढतं, आणि आयएससीयू या प्रथिनावर समूह जुळतो. फ्रॅटॅक्सिन घातल्यावर गंधक आयएससीयूकडे जाण्याचा वेग वाढला पाहिजे.

या चाचणीत दोन गोष्टी फसवतात. एक ऑक्सिजन: तो समूह मोडतो आणि लोहाचं रूप बदलतो, म्हणून काम ऑक्सिजनमुक्त पेटीत करतात. दुसरी डीटीटी: हे रसायन गंधक स्वतःच सोडवून देतं आणि पेशीत नसलेल्या वाटेनेही समूह तयार होऊ शकतो. पेशीत गंधक सोडवण्याचं हे काम फेरेडॉक्सिन-२ हे प्रथिन करतं, त्यामुळे चाचणीत तेच वापरणं अधिक खात्रीचं.

शेवटची पायरी: साठवण. प्रथिन छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवावं. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवली-गोठवली तर प्रथिन बिघडू शकतं.

आपण फ्रॅटॅक्सिनची तयार नळी विकत घेणार असाल, तर वेष्टनावर तीन गोष्टी पाहा: अमिनो आम्ल क्रमांक कुठून कुठपर्यंत, शेपटी आहे का, आणि शुद्धतेसोबत कार्यक्षमताही तपासली आहे का. लोहाचा प्रयोग करायचा असेल तर शेपटीचं उत्तर मिळाल्याशिवाय नळी मागवू नका.