पोळी-भाजी म्हणजे डायक्लोफेनॅकवरचं चिलखत नव्हे

“जेवून घ्या, म्हणजे बाधत नाही.” डायक्लोफेनॅकच्या गोळीसोबत हे वाक्य फुकट मिळतं. मेडिकलवाला ते सांगतो, शेजारच्या काकू सांगतात आणि गुडघेदुखीवर महिनोन्‌महिने तीच गोळी घेणारे आजोबा तर अनुभवाच्या अधिकाराने सांगतात. पोटात दोन घास गेले की विषय संपला! किती दिवस घ्यायची, किती मिलिग्रॅमची, सोबत बीपीची कोणती गोळी चालू आहे, हे मग कुणी विचारत नाही. जेवून गोळी घेण्यात काहीच वाईट नाही. वाईट आहे ते जेवणानंतर येणारं निर्धास्तपण.

या समजुतीमागचं चित्र साधारण असं असतं: गोळी जहाल, पोट रिकामं, गोळी अस्तराला टेकते आणि तिथे जखम होते. मध्ये वरण-भाताचा थर आला की पोट वाचलं. आता हे बघा. डायक्लोफेनॅक सोडियमच्या नेहमीच्या गोळीवर असं आवरण असतं की ती जठरात विरघळतच नाही, पुढे लहान आतड्यात गेल्यावर विरघळते. गोळी टेकल्यानेच अल्सर होत असता, तर या आवरणाने तो केव्हाच थांबवला असता. तो थांबलेला नाही.

कारण मुख्य इजा रक्तामार्फत होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत. प्रोस्टाग्लँडिनवरच्या कामासाठी व्हेन यांना १९८२ मध्ये दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसोबत नोबेलही मिळालं. डायक्लोफेनॅक त्याच वाटेने काम करतं. सांध्यातली सूज आणि ठणका या रसायनांमुळे वाढतो, म्हणून ती कमी झाली की आराम पडतो. पण हीच रसायनं जठराच्या अस्तरावरचा संरक्षक थर टिकवतात आणि गरज पडेल तेव्हा मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. रक्तात मिसळलेलं औषध फक्त दुखऱ्या गुडघ्यापाशी थांबत नाही. जेवणाने त्यापासून संरक्षण मिळेल असं मानणं म्हणजे भिंतीला जमिनीतून ओल चढत असताना छपरावर ताडपत्री टाकणं.

म्हणूनच “मला गोळी सोसत नाही, इंजेक्शनच द्या” हा आग्रहही फोल आहे. इंजेक्शन काय, गुदद्वारातून द्यायची सपोझिटरी काय, औषध शेवटी रक्तातच जातं. अल्सरच्या रुग्णाला इंजेक्शननेही रक्तस्राव होऊ शकतो. तरीही कंबर धरली की “एक सुई मारा” म्हणणारे कमी होत नाहीत, आणि मारणारेही.

मग जेवणाचा उपयोग शून्य का? तसंही नाही. मळमळ, जळजळ काही जणांना कमी होते. पण अल्सर किंवा रक्तस्राव टळतो, याला भक्कम पुरावा नाही. रेन्सफोर्ड आणि ब्यार्नासन या दोन संशोधकांनी २०१२ मध्ये हाच प्रश्न उपस्थित केला आणि आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं: भरल्या पोटी औषध उशिरा शोषलं जातं, आराम उशिरा पडतो आणि माणूस वाट न पाहता दुसरी गोळी घेतो. तेव्हा डॉक्टरांनी जेवून घ्यायला सांगितली असेल तर जेवूनच घ्या. फक्त ते चिलखत समजू नका.

“पण मी सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो.” हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखी औषधं जठर आणि त्यालगतच्या आतड्यातल्या अल्सरचा धोका खरोखर कमी करतात. साठी ओलांडलेल्यांना किंवा आधी अल्सर झालेल्यांना डॉक्टर ती मुद्दाम देतात. मात्र आतड्याच्या पुढच्या भागाला तिचं संरक्षण नाही, हृदयाला आणि मूत्रपिंडाला तर मुळीच नाही.

हृदयाचं नाव काढलं की लोक अविश्वासाने बघतात, म्हणून आकडे देतो. ‘लॅन्सेट’मध्ये २०१३ साली शेकडो चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात दिवसाला १५० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक वर्षभर घेणाऱ्या दर हजार जणांमागे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा सुमारे ३ जादा घटना दिसल्या, आणि त्यांतली एक जीवघेणी. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकाने हृदयविकार, हार्ट फेल्युअर किंवा पक्षाघात झालेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये असं बजावलं. डेन्मार्कमधल्या नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात ही जोखीम पहिल्या ३० दिवसांतच वाढलेली आढळली. म्हणजे “वर्षानुवर्षं घेतली तरच त्रास” हेही खरं नाही.

मूत्रपिंडाचं गणित आपल्या घराघरांत जुळून येतं. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी बीपीची गोळी, सोबत लघवी वाढवणारी गोळी आणि वर डायक्लोफेनॅक: या तिघांची गाठ पडली की मूत्रपिंड अचानक कामातून जाण्याचा धोका वाढतो. त्यात मे महिन्याचं ऊन, जुलाब किंवा उलट्या यांनी शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर आणखीच. बीपीची गोळी मनाने बंद करायची नाही. वेदनाशामक लिहून घेताना ती चालू असल्याचं सांगायचं.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

“दोन घेतल्या की दुप्पट आराम.” ठरावीक मात्रेपुढे आराम फारसा वाढत नाही, दुष्परिणाम वाढतात. प्रौढांसाठी सर्वसाधारण कमाल मर्यादा दिवसाला १५० मिलिग्रॅम, आणि ती उद्दिष्ट म्हणून गाठायची नसते.

“डायक्लोफेनॅक बाधतं, म्हणून एसिक्लोफेनॅक घेतो.” ती एकाच कुळातली भावंडं आहेत. दोन्ही एकत्र घेणं तर शुद्ध वेडेपणा.

“कोणत्याही तापावर चालते.” डेंग्यूची शंका असेल तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन तिन्ही टाळायची, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत. डायक्लोफेनॅकच्या अनेक जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा.

“मलम म्हणजे मनाचं समाधान.” गुडघा आणि हाताच्या सांध्यांच्या झिजेवर डायक्लोफेनॅक जेल उपयोगी ठरतं आणि रक्तात गोळीच्या मानाने फारच थोडं उतरतं.

“गरोदरपणी एखादी चालते.” अमेरिकी नियामकाने २०२० मध्ये विसाव्या आठवड्यापासून ही औषधं टाळायला सांगितलं. त्याआधीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

“पुडी देशी आहे, निर्धोक आहे.” सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि हीच वेदनाशामकं मिसळलेली सापडली आहेत. तासाभरात गुण आला, तर जास्तच संशय घ्या.

आणि उलट्या टोकाचा एक: “पेनकिलर घेतली की किडनी गेलीच.” नाही. मूत्रपिंड, हृदय आणि पोट धडधाकट असलेल्या प्रौढाने डॉक्टरांच्या सल्ल्याने चार-पाच दिवस योग्य मात्रेत घेतलेली गोळी बहुतेक वेळा काही बिघडवत नाही. त्या भीतीपोटी तळमळत बसायचंही कारण नाही. सुरक्षित वापराचं सूत्र जगभर एकच आहे: कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, योग्य माणसाला.

हा ‘योग्य माणूस’ कोण, हे काउंटरवर ठरत नाही. डायक्लोफेनॅकची गोळी आपल्याकडे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांत येते. डॉक्टरांकडे जाल तेव्हा न विचारताही सांगा: वय, आधीचा अल्सर, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, दमा, दारू, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी. रक्त पातळ करणारी आणि स्टेरॉइड तर आवर्जून. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा पाकीट आणणं आणि आईची गोळी मुलाने घेणं, दोन्ही बंद.

एक शेवटचं. पोट दुखलं नाही म्हणजे पोट ठीक आहे, असं या गोळीवर असताना धरून चालू नका. आतला अल्सर अनेकदा काही न दुखता थेट रक्तस्रावानेच कळतो. डांबरासारखी काळी, चिकट शी, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लघवी एकदम कमी होणं, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, छातीत दुखणं, धाप लागणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं, यांतलं काहीही दिसलं की पुढची गोळी घ्यायची नाही, तातडीने रुग्णालय गाठायचं. “दोन दिवस बघू” म्हणायची ही वेळ नव्हे.